यजमान गेले, पाहुणे अडकले

माझ्या निधनाची बातमी लोणी काळभोरला पोचली तेव्हा मी बिबवेवाडीत पोह्यांवर लिंबू पिळत होतो.

बातमी खोटी होती, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलं असेलच. (नसेल आलं, तर त्यांनी आमच्या मेव्हण्यांशी ओळख करून घ्यावी. दोघांचं छान जमेल.) पण ती पसरली कशी, याचं मूळ आमच्या घरातल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये आणि माझ्या स्वभावात आहे. कॉम्प्युटर नंतर बदलला.

मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक. म्हणजे लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि त्यातल्या चुका लाल पेनानं दाखवायच्या. पगार बेताचा, पण लोकांचा अपमान करायला अधिकृत परवानगी! ही सवय छापखान्यापुरती राहिली असती तर घरात सुख नांदलं असतं. पण मी भाजीवाल्याच्या पाटीवरची ‘कोथींबिर’ खडूनं सुधारतो. लग्नाला गेलो की कमानीवरचं ‘शुभाशिर्वाद’ वाचून माझं जेवणावरचं लक्ष उडतं. आमच्या हिला, म्हणजे शैलाला, मी लग्नाआधी एक पत्र लिहिलं होतं. त्यात तिच्या पत्रातल्या चुकांचं शुद्धिपत्रही जोडलं होतं. तरीही तिनं लग्न केलं, यावरून तिच्या सहनशक्तीची कल्पना यावी.

शैलाचं माहेर लोणी काळभोर. ऊस, विहीर, दारात ट्रॅक्टर. देशाचे दरवाजे जगाला उघडले म्हणतात त्या काळात पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास उघडले. शैला त्यातल्या एका क्लासला गेली आणि येताना पत्रिका काढायचा प्रोग्रॅम घेऊन आली. जन्मवेळ टाकायची, बटण दाबायचं, की ग्रह आपापल्या घरात जाऊन बसत. तेव्हापासून तिच्या माहेरचं एकही लग्न त्या प्रोग्रॅमला विचारल्याशिवाय ठरलं नाही. तिचा धाकटा भाऊ बापू तर म्हणायचा, “ताई, बामन चुकंल, पर मशीन खोटं बोलत न्हाई.”

आणि नेमका बापूच्या मुलीच्या, अश्विनीच्या लग्नाच्या वेळी आमचा जुना कॉम्प्युटर कायमचा बसला. नवा आणला. नव्यानं त्या जुन्या प्रोग्रॅमला दारातच उभं केलं. कितीही वेळा चकती घाला, पडद्यावर इंग्रजीत एकच उत्तर, ज्याचा सभ्य मराठीतला अर्थ ‘चालू पडा’ असा होता.

त्यातच अश्विनीनं आत्याला गुपचूप फोन केला. येत्या रविवारी हडपसरची मंडळी तिला बघायला येणार होती. मुलगा निखिल. बापूच्या मते ते एका ओळखीच्यानं सुचवलेलं स्थळ होतं. अश्विनीच्या मते ते तिनंच कॉलेजात असताना शोधलेलं होतं आणि ओळखीच्याकडून फक्त सुचवून घेतलं होतं. “आत्या, तुझंच मशीन पाहिजे गं,” ती रडवेली झाली होती. “तुझं नाही चाललं तर पप्पा त्या लोणीच्या गुरुजींकडे जाणार. त्यांना प्रत्येकाच्या पत्रिकेत मंगळ दिसतो. त्यांनी माझ्या म्हशीलाही मंगळ सांगितला असता!”

“रविवारी पत्रिका तयार असेल,” शैलानं शब्द दिला. शैलानं दिलेला शब्द आमच्या घरात मला पाळावा लागतो.

आमच्या वरच्या मजल्यावर पराग वानखेडे भाड्यानं राहायचा. यवतमाळकडचा, हिंजवडीत आयटीत. त्यानं येऊन कॉम्प्युटरची नाडी पाहिली.

“काकू, तुमचा प्रोग्रॅम लय जुना हाये. नव्या सिस्टीमवर नाही चालणार. व्हर्च्युअल मशीन टाकावं लागन.”

“म्हणजे रे काय?”

“म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात अजून एक कॉम्प्युटर. खोटाच, पण त्याले वाटते का आपण खरे हाओत. त्याच्यात जुनी सिस्टीम टाकायची, अन् तिच्यात तुमचा प्रोग्रॅम. बाहेरच्याले होस्ट म्हणते, आतल्याले गेस्ट.”

“थांब!” मी म्हणालो. “होस्ट अन् गेस्ट कशाला? आपल्याकडे शब्द आहेत. यजमान आणि पाहुणा. या घरात हेच शब्द चालतील.”

“अहो, त्याला काम करू द्या ना,” शैला म्हणाली.

“भाषा मेली तर कामाला काय अर्थ आहे?” (भाषा जगली. कोण गेलं ते पुढे येईलच.)

हे खोटं यंत्र तयार करून देणारी सॉफ्टवेअर बाजारात बरीच आहेत असं कळलं आणि आमच्या घरात अश्विनीच्या आधी त्यांचीच स्थळं बघायला सुरुवात झाली. पराग म्हणाला, फुकट मिळणारं एक चांगलं आहे. ही बातमी जिन्यातून तळमजल्यावर गेली आणि देवधर वर आले. देवधर निवृत्त आहेत, पण मुलगा परदेशात आयटीत असल्यामुळे आयटीवर मत द्यायला ते कायम ड्यूटीवर असतात.

“वसंतराव, ऐकलं की कॉम्प्युटरच्या पोटात भाडेकरू ठेवताय?”

“पाहुणा. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवावा म्हणतोय.”

“ठेवा की. पेपर तरी तुम्ही कुठे विकत घेता, आमचाच वाचता,” देवधर म्हणाले. “आमचा मुलगा तिकडे विकतचंच वापरतो.”

“कंपनीच्या पैशानं वापरत असन जी,” पराग म्हणाला. तेव्हापासून देवधर परागच्या गाडीला पार्किंगमध्ये जागा देत नाहीत.

मग मी सोसायटीच्या बाकावर चौकशी केली. ही चूक होती. आमच्या सोसायटीत दर दुसऱ्या घरात एक आयटीवाला आणि दर आयटीवाल्याची निदान दोन मतं.

“काका, तुमची युज केस काय आहे?”

“पत्रिका काढायची आहे.”

“ओके. पण उद्या स्केल करायचं झालं तर?”

“भाची एकच आहे हो!”

“तरी पण काका, फ्यूचरचा विचार केला पाहिजे.”

“फ्यूचरच बघायचंय रे बाबा, त्याच्यासाठीच चाललंय सगळं!”

शेवटी मी माझ्या पद्धतीनं निवड करायची ठरवली. सॉफ्टवेअर बसवताना एक लांबलचक करार समोर येतो आणि खाली ‘मान्य आहे’ असं बटण असतं. सगळं जग न वाचता ते बटण दाबतं. मी विकतच्याचा आणि फुकटच्याचा, दोन्ही करार छापून घेतले आणि लाल पेन घेऊन बसलो. शैला रोज संध्याकाळी विचारायची, “झालं का?” आणि मी रोज सांगायचो, “दायित्वाच्या कलमापर्यंत आलोय.” अखेर विकतच्याच्या करारात एक स्वल्पविराम भलत्या जागी सापडला. ते तिथेच बाद! जो स्वल्पविराम सांभाळू शकत नाही तो पाहुणा काय सांभाळणार? (फुकटच्याच्या करारात याहून जास्त चुका होत्या. पण फुकटात तेवढ्या चालतात.)

या संशोधनात शुक्रवार उजाडला. शैला माझ्याशी बोलेनाशी झाली होती, म्हणून घरात तशी शांतता होती. संध्याकाळी परागनं सॉफ्टवेअर बसवलं, त्यात जुनी सिस्टीम घातली, तिच्यात प्रोग्रॅम घातला आणि विचारलं, “काका, पाहुण्याले मेमरी किती द्यायची?” पडद्यावर एक सरकपट्टी होती. ती मी अगदी डावीकडे ओढली.

“इतक्यात तर तो उठणार पण नाही, काका.”

“पाहुण्याला उठून करायचंय काय?”

शैलानं कपाळाला हात लावला. “आमच्या लोणीत पाहुण्याला असं उपाशी ठेवत नाहीत. ही तुमची पुण्याची रीत.”

परागनं पट्टी मध्याच्या जरा अलीकडे आणून ठेवली आणि म्हणाला, “याच्या पुढं नका जाऊ.” तो वर गेला. शनिवारी सकाळी शैलानं प्रोग्रॅम सुरू केला, तर पाहुणा जरा रेंगाळत चाललाय असं तिला वाटलं. तिच्यातली लोणी काळभोर जागी झाली. तिनं पट्टी पार उजवीकडे नेली. पाहुण्याला पोटभर मिळालं! यजमानाच्या वाट्याला काही उरलंच नाही. पंखा गरगरला, पडदा काळा झाला, मग निळा झाला आणि सगळं गप्प.

शैला रडकुंडीला आली. सगळ्या पत्रिका, प्रोग्रॅम, अश्विनीचं भवितव्य, सगळं त्या पेटीत अडकलं होतं आणि उद्या रविवार. “बापूला आधीच कल्पना दिलेली बरी,” ती म्हणाली. “फोन केला तर ओरडेल. मेसेजच करते.” तिनं मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज लिहिला: ‘यजमान गेला. पाहुणा आत अडकलाय. उद्याचं काही खरं नाही.’

माझ्यासमोरून मजकूर जाणार आणि मी तो वाचणार नाही, हे शक्यच नव्हतं.

“यजमान ‘गेला’?” मी म्हणालो. “यजमान कधी गेला नसतो. यजमान नेहमी गेले. आदरार्थी बहुवचन.”

“अहो, यंत्र आहे ते!”

“यंत्र असलं तरी शब्दाचा मान आहे की नाही? आणि पाहुण्यालाही तोच न्याय.”

भांडायचं त्राण नसल्यामुळे तिनं मुकाट्यानं दुरुस्ती केली. ‘यजमान गेले. पाहुणे आत अडकले आहेत. उद्याचं काही खरं नाही. ताई.’ मी एकदा पूर्ण वाचून घेतला, निर्दोष असल्याची खात्री केली, तिला पाठव म्हणून खूण केली आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. मग छापखान्यात निघून गेलो.

पुढचं संभाषण मला नंतर दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. पराग आमच्या घरी कॉम्प्युटर उघडून बसला होता. शैलाचा मोबाईल वाजला, तिचे हात कणकेत होते, म्हणून तिनं त्यालाच उचलायला सांगितला. (यजमान हा शब्द बहुवचनीच चालवायचा, हे मी परागकडूनही घोकून घेतलं होतं.)

“कोन बोलतंय?” पलीकडून बापूचा घोगरा आवाज.

“मी पराग, वरच्या मजल्यावरचा. तुम्ही काकूचे भाऊ ना?”

“व्हय. आरं, कसं झालं ह्ये?”

“काही नाही जी. पाहुण्याले लय दिलं, यजमानाले काही उरलंच नाही. आधी गरम झाले, मंग घरघर लागली, मंग एकदम निळे पडले.”

“निळं?” बापू मटकन खाली बसला म्हणे.

“हाव. निळे पडले का समजायचं, संपलं.”

“आता कुठं हायेत?”

“इथंच, टेबलावर. उघडून ठेवले हायेत. आतून काय कचरा निघाला म्हणून सांगू!”

“अन् ताई? ताई काय करती?”

“काकू कणीक मळून राहिल्या.”

बापूला पुण्याचा कोरडेपणा ऐकून माहीत होता, पण आपली बहीणही इतकी पुणेकर झाली असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

“तुम्ही टेन्शन नका घेऊ,” परागनं धीर दिला. “जेवढं चांगलं निघन तेवढं काढून दुसऱ्याच्यात टाकून देऊ. वाया काही नाही जाणार.”

इथे बापूचा बांध फुटला. दाजी जन्मभर लोकांच्या चुका काढत राहिले, पण जाताना अवयवदान करून गेले! त्यानं गावात सांगितलं, हडपसरला फोन करून रविवारचा कार्यक्रम रद्द केला आणि पांढरा शर्ट चढवून जीप काढली. हडपसरची मंडळी सज्जन. सोयरीक होवो न होवो, अशा वेळी जायला पाहिजे म्हणून तीही निघाली, मुलासकट.

मी दुपारी परतलो तर फाटकापाशी देवधर उभे.

“आलात? चला, वर लोक ताटकळलेत.”

“कोण लोक?”

“तुमच्यासाठीच जमलेत. म्हणजे, तुमच्या पश्चात. योग्य शब्द तुम्हीच बघा.”

देवधरांचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही. वर गेलो तर दारात चपलांचा ढीग आणि हॉलमध्ये माना खाली घातलेले बरेच अनोळखी पुरुष. आतल्या खोलीतून बायकांचा कालवा. माझ्या लख्ख डोक्यात प्रकाश पडला: रविवारची मंडळी पत्रिकेच्या काळजीनं शनिवारीच आली! मी दाराजवळ एका फेटेवाल्या गृहस्थांशेजारी हळूच टेकलो. ते निखिलचे वडील होते, हे मला नंतर कळलं. त्यांनीही मला कधी पाहिलेलं नव्हतं.

“लई वाईट झालं,” ते म्हणाले. “यजमान असं अचानक गेलं.”

“हो ना. माझ्या डोळ्यांदेखत गेले,” मी म्हणालो. “मी पोहे खायला बसलो होतो.”

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “वय काय होतं?”

“छे, वय कसलं! आत्ताच तर आणले होते. वॉरंटीसुद्धा संपली नव्हती.”

ते गृहस्थ थोडे बाजूला सरकले.

“खरं सांगू का,” मी आवाज खाली आणला, “पहिल्यापासून जरा मंदच होते. पण दिसायला बरे म्हणून घेतले. आता दुसरे बघावे लागतील. बायकोची फार अडचण होते हो!”

तेवढ्यात आतून बापू डोळे पुसत बाहेर आला. त्यानं मला पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “दाजी!” एवढंच ओरडून त्यानं माझे दोन्ही दंड धरले आणि मी आतून भरलेला आहे की पोकळ, ते दाबून पाहिलं. मागून केस विस्कटलेली शैला आली.

“मी घसा फोडून सांगतेय, कॉम्प्युटर गेलाय, कॉम्प्युटर गेलाय! ऐकतंय कोण? म्हणे धक्का बसलाय हिला, कांदा हुंगवा!”

“मंग यजमान कोन?” बापूनं विचारलं.

परागनं टेबलावरच्या उघड्या पेटीकडे बोट दाखवलं.

“ह्यो? आन् ह्याला यजमान कुनी म्हनलं?”

हॉलमधल्या प्रत्येकानं माझ्याकडे पाहिलं. मी ‘आदरार्थी’ एवढाच शब्द उच्चारला आणि थांबलो. खाली उभ्या देवधरांना मी जिवंत असल्याचं माहीत असूनही ते गप्प का राहिले, असं बापूनं त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, “मला कुणी विचारलं नाही.”

कोपऱ्यात अश्विनी रडून रडून लाल झाली होती. मला भरून आलं. आयुष्यात प्रथमच कुणी माझ्यासाठी इतकं रडलं होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “वेडी, मला काही झालेलं नाही.”

“तसं नाही,” ती हुंदके देत म्हणाली. “पप्पा म्हणाले, आता वर्षभर लग्न नाही!”

इकडे निखिल केव्हाच टेबलापाशी जाऊन परागच्या शेजारी वाकला होता. “गेस्टला किती मेमरी दिलीये?” त्यानं विचारलं. परागनं माझ्याकडे घाबरून पाहिलं आणि म्हणाला, “पाहुण्याले म्हणा, भाऊ.” दोघांनी मिळून काहीतरी काढलं, काहीतरी घातलं, पट्टी मागे नेली आणि यजमान उठले! पाहुणे सुखरूप बाहेर आले. अश्विनीनं डोळे पुसले. ती निखिलकडे बघत होती, बापू तिच्याकडे बघत होता, आणि बापू दिसतो तेवढा भोळा नाही.

शैलानं दोघांच्या जन्मवेळा टाकल्या. पडद्यावर काय आलं ते फक्त तिनं पाहिलं, चटकन बंद केलं आणि म्हणाली, “उत्तम जुळतंय.” मी जन्माचा मुद्रितशोधक, पण तिचा चेहरा बघून मी पडद्यावरचं वाचायला मागितलं नाही.

“मशीन खोटं बोलत न्हाई,” बापू म्हणाला आणि पेढे आणायला गेला. पांढऱ्या कपड्यांतच सुपारी फुटली. ज्या घरात लोक दुखवट्याला आले होते तिथून पेढे खाऊन गेले, आणि एवढ्या आनंदात मला ‘बरं झालं, जिवंत आहात’ असं म्हणायचं मात्र राहूनच गेलं.

लग्नपत्रिकेचा मजकूर लोणीतल्याच एका डीटीपीवाल्यानं जुळवला. बापूनं मुद्रित माझ्याकडे पाठवलं, सोबत निरोप: “शुद्धलेखन दाजींनी बघावं, पर नवा शब्द घालू नये.” मी जीव ओतून तपासलं. ‘शुभाशीर्वाद’मधली वेलांटी जागेवर आणली, ‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार बसवला, निमंत्रकांच्या नावांमधली सगळी टिंबं ठीकठाक केली आणि ‘छापण्यास हरकत नाही’ असा शेरा मारला. पत्रिका छापल्या गेल्या, वाटल्या गेल्या.

पहिला फोन तळमजल्यावरून आला. “वसंतराव, पत्रिका मिळाली,” देवधर म्हणाले. “लग्नाला येणार आहात, की नुसतं वरूनच बघणार?”

मी धावत जाऊन पत्रिका उघडली. निमंत्रकांत सगळ्यांत वर माझं नाव होतं, आणि त्याच्या आधी ‘कै.’! डीटीपीवाल्यापर्यंत त्या शनिवारी माझं निधन पोचलं होतं. माझं परत येणं त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी संतापलो. त्या माणसाचा निष्काळजीपणा शैलाला दाखवावा म्हणून पत्रिकांबरोबर परत आलेला मुद्रिताचा कागद कपाटातून काढला आणि तिच्यापुढे धरला. तिनं तो खिडकीपाशी उजेडात नेला, नीट पाहिला आणि मला परत दिला.

डीटीपीवाल्यानं माझ्या नावाआधी नुसतंच ‘कै’ लिहिलं होतं. पुढचं टिंब लाल पेनाचं होतं.